सरांचं नाक

आमच्या प्रयोगशाळेच्या दाराबाहेर एक लोखंडी खुर्ची होती. बाहेरून आलेल्या माणसाने तिच्यावर पंधरा मिनिटं बसायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं, असा सरांचा नियम होता. परळ स्टेशनवरून कॉलेजपर्यंत चालत आलेला माणूस घामाने निथळत असतो. तो घाम आत शिरला की सरांचे सेन्सर बावचळतात, म्हणून त्याने आधी बाहेर वाळायचं. त्या खुर्चीला आम्ही 'वाळवण' म्हणत असू. तिच्यावर विद्यार्थी वाळले, कुरिअरवाले वाळले आणि एकदा खुद्द प्राचार्य वाळले. पंधरा मिनिटं झाल्यावर सरांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या. आता तुम्ही कोरे झालात." प्राचार्य आत आले, कशासाठी आलो होतो ते विसरले आणि परत गेले. सरांची बढती कुठे अडली आहे, यावर त्यानंतर स्टाफरूममध्ये बरेच तर्क लढवले जायचे.

मी तिथे पीएच.डी. करायला जाते, असा माझ्या आईवडिलांचा समज होता. प्रत्यक्षात मी मासे कुजवायला जात होते. आमचं घर गिरगावातलं, चाळीतलं. चातुर्मासात जिथे कांदासुद्धा घराबाहेर काढतात, त्या घरातली मुलगी रोज सकाळी मंडईतून बोंबील आणि बांगडे घेऊन कॉलेजला जाते, हे वर्षभर कोणाला माहीत नव्हतं. ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून माझा पांढरा कोट गॅलरीच्या बाहेर, शेजाऱ्यांच्या बाजूला वाळत घातला जाऊ लागला.

काम थोडक्यात असं होतं. कार्बनच्या नळ्या असतात, इतक्या बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. त्यांची काळी शाई करायची, कागदाच्या पट्टीवर चांदीच्या दोन रेघा ओढायच्या आणि त्या रेघांच्या मध्ये शाईचा एक थेंब सोडायचा. पट्टीतून बारीकसा विजेचा प्रवाह सोडला की पडद्यावर एक सरळ रेघ दिसते. मासा शिळा व्हायला लागला की त्यातून काही वायू सुटतात. ते त्या नळ्यांवर जाऊन बसतात, वीज अडते आणि ती किती अडली हे दाखवणारी रेघ वर चढते. म्हणजे पट्टीला वास आला. ऐकायला इतकं सोपं आहे की मी एका मुलाखतीत हे सांगून शिष्यवृत्तीसुद्धा मिळवली.

गोम अशी होती की आमच्या पट्टीला कुठलाही वास चालायचा. शिळ्या माशाला रेघ चढायची, तशी अत्तरालाही चढायची. वड्याला, फिनाइलला, खोबरेल तेलाला, शेजारच्या वर्गातल्या परीक्षेच्या घामालाही चढायची. कोणत्याही प्रश्नाला मान हलवणाऱ्या सरकारी समितीसारखी ती पट्टी होती. तिला नेमका मासाच ओळखायला शिकवायचं, हा माझा प्रबंध. सर गेली दोन वर्षं ते शिकवत होते आणि पट्टी नापास होत होती.

सर म्हणजे पन्नाशीचा, किडकिडीत, अविवाहित माणूस. बाराही महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. साबणाचा वास नको म्हणून कपडे नुसत्या पाण्यात धुवायचे, त्यामुळे तो शर्ट पांढरा आहे हे मानायला थोडी श्रद्धा लागायची. बोलणं पाठ्यपुस्तकातलं. 'मी येतोय' असं ते कधी म्हणाले नाहीत, 'मी येत आहे' असंच म्हणायचे. विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ते आम्हाला राहत्या ठिकाणाने हाक मारायचे. मी 'गिरगाव' होते. माझ्याबरोबरचा मुलगा 'डोंबिवली'. तो पुढे लग्न करून ठाण्याला राहायला गेला, तरी सरांनी त्याचं नाव बदललं नाही. म्हणाले, "नोंदवही बिघडते."

त्यांचं लाडकं वाक्य एकच होतं. "आधी कोरी रेघ." कोणताही वास द्यायच्या आधी पट्टी स्वच्छ हवेत ठेवायची आणि रेघ अगदी सरळ होईपर्यंत थांबायचं. हे शास्त्राला धरूनच आहे. पण सरांनी ते आयुष्यालाही लावलं होतं. डोंबिवलीने लग्नाची पत्रिका हातात दिली, तेव्हा सर दोन मिनिटं भिंतीकडे बघत गप्प उभे राहिले. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं रजा नामंजूर. मग सर म्हणाले, "अभिनंदन." आमच्यावर ओरडायच्या आधीही ते असेच थांबायचे. त्या दोन मिनिटांत आमच्या सगळ्या पापांची उजळणी होऊन जायची.

आणि त्यांचं नाक! अख्ख्या विभागात त्या नाकाची दहशत होती. सकाळी दारात उभे राहायचे, मान वर करून, डावी भुवई उंचावून लांब श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. "कोणीतरी काहीतरी लावलेलं आहे." शोधलं की अत्तर निघायचंच. "कोणीतरी काहीतरी आणलेलं आहे." कोणाच्या तरी डब्यात लसणाची चटणी निघायची. डोंबिवलीने एकदा सासरहून आलेलं सुवासिक तेल केसांना बोटभर लावलं होतं. सरांनी ते दारातून ओळखलं आणि त्याला परत वाळवणावर बसवलं. दाराच्या बरोबर समोर, भिंतीवरच्या पट्टीला जोडलेला एक पडदा दिवसभर चालू असायचा. तो पडदा नेहमी दाराकडे तोंड करून का ठेवलेला असतो, असा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. आम्ही संशोधक होतो ना.

मासे कुठून आणायचे, तेही सरांनी ठरवून दिलं होतं. जवळच्या मंडईत, दारातून शिरल्यावर तिसरी पाटी, तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईंकडूनच. "आणि माझं नाव सांगायचं नाही," एवढंच वर म्हणाले होते.

पहिल्या दिवशी मी गेले. घरात मासा कधी न पाहिलेली मी, हातात कागद धरून सरांची यादी वाचून दाखवली. "दोन ताजे बांगडे द्या, आणि एक शिळा."

शेजारच्या दोन्ही पाट्यांवरचे कोयते थांबले.

"काय म्हनलीस?" बाई म्हणाल्या. "शिळा? माज्या पाटीत शिळा?"

"म्हणजे, नसेल तर कालचा चालेल," मी मदत करायला गेले.

त्यानंतर मला जे ऐकवण्यात आलं, त्यात माझं गाव, माझं घराणं आणि माझे डोळे यांचा सविस्तर समाचार होता. शेजारच्या कोळणी मधूनमधून भर घालत होत्या. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "अहो, मला नकोय! आमच्या सरांना हवाय. प्रयोगाला. ते मासे हुंगायचं यंत्र करतात."

बाईंनी हातातला मासा खाली ठेवला. कोणतं कॉलेज, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग दोन बांगडे उचलले, त्यांचे लालभडक कल्ले उघडून मला दाखवले, पिशवीत घातले आणि म्हणाल्या, "त्याला सांग, तुज्या आयनं शिळा मासा कवा इकला नाय. शिळा पायजे तर ह्योच घरात दोन दिस ठेव म्हनावं."

अशा रीतीने मला कळलं की त्या सरांच्या आई आहेत. मंडईतल्या बाकीच्या बायकांकडून आणखीही कळलं. सर लहान असताना या बाजारातलं सगळ्यात मोठं प्रस्थ होते. बर्फातला मासा कोणत्या दिवसाचा, ते पोर डोळे मिटून सांगायचं. दोन कोळणींचं मालावरून भांडण लागलं की कोणीतरी ओरडायचं, "बोलवा त्या पोराला!" आणि ते नाक म्हणेल ते दोन्ही बाजू मान्य करायच्या. प्रोफेसर झाल्यावरही दर रविवारी ते आईशेजारी येऊन बसायचे. तापाची ती मोठी साथ येऊन गेली आणि त्यानंतर यायचे बंदच झाले.

"वास येतो ना आता आमचा त्याला," आई म्हणायच्या. रागाने नव्हे, अगदी सहज, खवले काढता काढता. "मोटा झाला. साहेब झाला. आसुंदे."

हे त्या मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायच्या. मी एकदा धीर करून सरांना म्हणाले, "आई विचारत होत्या, रविवारी याल का?" सर दोन मिनिटं भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कामात आहे, असं सांग." त्या दिवसापासून माझ्या मनातून हा माणूस उतरला. आईच्या पाटीवरचे मासे कुजवून शोधनिबंध लिहायचे आणि आईच्या अंगाचा वास मात्र सोसायचा नाही! मी त्यांना 'सर' म्हणत राहिले, कारण प्रबंधावर त्यांची सही लागणार होती.

आता पेडणेकरमामा. हे आमचे प्रयोगशाळा सहाय्यक, राहायला लालबागला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. देवभोळा माणूस. त्यांचे वडील गिरणीत होते. खंडेनवमीला तिथे मागाची पूजा व्हायची आणि त्या दिवशी यंत्राला विश्रांती असायची. मामांच्या मते आपल्या प्रयोगशाळेचा अभ्यास पुढे सरकत नव्हता त्याचं कारण स्पष्ट होतं. इथल्या यंत्रांना वर्षानुवर्षं हळदीचं बोट लागलेलं नव्हतं. पण दर खंडेनवमीला सर दारात पहारा देत बसायचे. हळद, कुंकू, उदबत्ती, झेंडू, यातलं काहीही आत जाऊ द्यायचे नाहीत.

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली आणि सर परिसंवादाला पुण्याला गेले.

मामांनी संधी सोडली नाही. सकाळी आंघोळ करून, नवीन शर्ट घालून आले. वजनकाट्याची पूजा केली, भट्टीची केली, शाई ढवळायच्या यंत्राची केली. टेबलावर ट्रेमध्ये माझ्या बारा नव्या पट्ट्या मांडून ठेवल्या होत्या. मामांनी त्याही सोडल्या नाहीत. अनामिका पाण्यात बुडवून प्रत्येक पट्टीच्या काळ्या टिपक्यावर भक्तिभावाने बोट टेकवलं. सहांवर हळद आणि सहांवर कुंकू, कारण हळद संपत आली होती. मग सगळ्या यंत्रांना विश्रांती मिळावी म्हणून त्यांनी खोलीचं मुख्य बटण बंद केलं आणि दाराला झेंडूचं तोरण लावून घरी गेले. शनिवारी दसरा होता, नंतर रविवार. फ्रिजमध्ये माझे गुरुवारचे बांगडे आणि बोंबील होते.

सोमवारी सकाळी तो वास जिन्यातच भेटला. दुसऱ्या मजल्यावरचे दोन वर्ग सुट्टी न देताच सुटले होते. डोंबिवली बेसिनशी वाकून उभा होता. मामा तोंडाला टॉवेल बांधून, तोरण उतरवत देवीची माफी मागत होते. मी नाक दाबून आत गेले, खिडक्या उघडल्या, फ्रिज उघडला आणि तसाच टाकून मागे पळाले.

तेवढ्यात सर आले. नियम म्हणजे नियम, म्हणून वाळवणावर बसले. लोक तोंडाला रुमाल लावून त्यांच्यासमोरून पळत होते आणि हे शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. मला वाटलं, काय हा माणसाचा संयम! पंधरा मिनिटांनी उठले, दारात उभे राहिले. मान वर, डावी भुवई वर, लांब श्वास. नजर समोरच्या पडद्याकडे. पडदा काळा होता, कारण वीज बंद होती.

"हं," सर म्हणाले. "आज बरं आहे. कोणीही काही लावलेलं नाही."

आणि आत येऊन, उघड्या फ्रिजसमोरच्या स्टुलावर बसून, त्यांनी डबा उघडला आणि पोळीभाजी खायला घेतली.

मी दारात उभी होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वासाने की कशाने हे मला आजही सांगता येणार नाही. मामांनी घाईघाईने बटण चालू केलं. पडदा उजळला. मिनिटभराने रेघ आली आणि सरळ छताकडे निघाली. सरांचा घास हातात राहिला. त्यांनी रेघेकडे बघितलं, मग उघड्या फ्रिजकडे, मग माझ्याकडे.

"केवढी दुर्गंधी सुटली आहे!" ते ओरडले. "कोणी बोलत का नाही?"

इतका वाईट अभिनय मी गणपतीतल्या नाटकांतही पाहिलेला नाही.

दुपारी सगळं धुऊन झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. या वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला.

"गिरगाव, किती जणांच्या लक्षात आलं?"

"माझ्या एकटीच्या."

"त्या साथीत गेला," सर म्हणाले. "चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी चहा प्यायलो, तो नुसता गरम लागला. सगळ्यांचा वास परत आला. माझा आला नाही. डॉक्टर म्हणतात, आता येईल असं वाटत नाही."

"आईंना माहीत नाही?"

"नाही."

"सर, त्यांना वाटतं की तुम्हाला त्यांचा..."

"ठाऊक आहे काय वाटतं," ते म्हणाले. "वाटू दे. मुलगा साहेब झाला, हे तिला चारचौघींत सांगता येतं. त्या बाजारात माझी पदवी कोणी विचारलेली नाही. तिथे माझं नाक होतं, म्हणून मी होतो. नुसता जाऊन काय करू?" मग टेबलावरच्या एका पट्टीला बोट लावून म्हणाले, "हे जमलं, तर जाईन."

मला स्वतःची लाज वाटली, आणि ती चांगली सणसणीत वाटली. दोन वर्षं मी या माणसाला कृतघ्न म्हणत होते. तो पठ्ठ्या शोधनिबंधासाठी खपत नव्हता. स्वतःसाठी नाक करत होता.

मामांना मेमो द्यायचं ठरलं. देवीचा अंगारा लावल्यासारख्या दिसणाऱ्या त्या बारा पट्ट्या फेकून द्यायचंही ठरलं. पण नवी शाई तयार व्हायला आठ दिवस लागणार होते आणि मला हात बांधून बसायची सवय नव्हती. मी त्या पट्ट्या लावून पाहिल्या. कुंकवाच्या सहा मेलेल्या निघाल्या. हळदीच्या सहांना मी अत्तर दाखवलं. रेघ हलली नाही. वडा दाखवला, डोंबिवलीचं तेल दाखवलं, खुद्द डोंबिवली दाखवला. रेघ ढिम्म. दमट हवेला थोडी बिचकली, एवढंच. मग शिळा बांगडा समोर धरला आणि रेघ चढली.

मी सहाच्या सहा पट्ट्यांवर तीनदा करून पाहिलं आणि मग सरांना बोलावलं. सर बघत राहिले. घरात हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. शिळ्या माशाचे वायू साबणाच्याच जातीचे, म्हणून हळद त्यांना धरत होती आणि बाकीच्यांना वाटेला लावत होती. दोन वर्षं तीन देशांतून रसायनं मागवणाऱ्या आम्हा दोघांना हे सुचलं नव्हतं.

"माका ठाऊक होतां," मामा म्हणाले. "देवीन नाक दिलांन."

"हळदीतल्या करक्युमिनमुळे हे होत आहे," सर म्हणाले.

"तां तुमी कायव म्हना," मामांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. मेमो फाडण्यात आला. शोधनिबंधात शेवटी आभार मानताना 'पृष्ठभागावरील प्रक्रियेसाठी मौलिक साहाय्य' असं म्हणून मामांचं नाव छापलं. मामांनी ते पान लालबागच्या घरी तसबिरींच्या रांगेत लावलं आहे.

त्यानंतर सरांनी जे केलं, ते कोणत्याही शोधनिबंधात नाही. त्यांनी हळदीची एक पट्टी शर्टाच्या डाव्या बाहीत, मनगटाच्या आतल्या बाजूला बसवली. तार बाहीतून खिशापर्यंत, खिशात काडेपेटीएवढी डबी आणि रेघ माझ्या मोबाइलवर. मी गिऱ्हाईक म्हणून जवळ उभं राहायचं. मासा ताजा असेल तर एकदा खोकायचं, शिळा असेल तर दोनदा.

"सर, सरळ सांगून का टाकत नाही?"

"आधी कोरी रेघ," ते म्हणाले. याचा या प्रश्नाशी काय संबंध होता, ते त्यांनाच माहीत.

रविवारी सकाळी आम्ही मंडईत गेलो. दाराशी बर्फाच्या पेट्यांजवळ सर दहा मिनिटं उगाच उभे राहिले, रेघ स्थिर व्हावी म्हणून. आईंनी त्यांना लांबूनच पाहिलं होतं. त्या उठल्या नाहीत. हातातली सुरमई कापत राहिल्या, फक्त तुकडे एकाएकी जाड पडायला लागले.

शेजारची कोळीण ओरडली, "आगो बघ, साहेब आला! नाकाला रुमाल नाय बांदलास रं?"

"आता हुंगून दाखव," दुसरी म्हणाली आणि तिने आपल्या पाटीतलं पापलेट पुढे केलं. चार बायका जमल्या.

सरांनी पापलेट मनगटाजवळ धरलं, मान वर केली, भुवई उंचावली. रेघ जेमतेम हलली. मी एकदा खोकले. "आज पहाटेचं," सर म्हणाले. बायकांनी माना डोलावल्या. आता रेघ खाली यायला वेळ हवा होता. तो काढण्यासाठी, ज्या माणसाने आम्हाला कधी 'बरी आहेस का' म्हणून विचारलं नाही, तो एकेकीच्या सुनांची, नातवंडांची आणि गुडघ्यांची चौकशी करू लागला. बायका तर विरघळल्याच. मग दुसऱ्या पाटीतला एक बांगडा आला. रेघ चढली. मी दोनदा खोकले. "परवाचा. बर्फातला," सर म्हणाले आणि जिचा बांगडा होता ती सोडून सगळ्या हसल्या. सरांच्या चेहऱ्यावर मी त्याआधी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. पन्नाशीचा माणूस दहा वर्षांचा दिसत होता.

आई मात्र हसल्या नाहीत. त्या बघत होत्या. आधी मुलाकडे, मग माझ्याकडे, मग परत मुलाकडे. मासा ओळखणारा माणूस आधी कल्ला उघडतो आणि मग नाक लावतो. हा मात्र मासा मनगटाला लावत होता, आणि पापलेटाला एकदा, बांगड्याला दोनदा खोकणारी मुलगी त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"हात दाव," आई म्हणाल्या.

"कशाला?"

"दाव म्हन्ते ना."

त्यांनी स्वतःच बाहीचं बटण काढलं. काळ्या टिपक्यावरची हळद माशांच्या वाऱ्याने तांबूस झाली होती.

"आगो, हळद लागली!" शेजारीण ओरडली. "लगीन ठरलं काय रं?"

सगळा बाजार हसला. सर हसले नाहीत. भिंतही नव्हती समोर बघायला. पाठ्यपुस्तकातलं ते मराठी कुठे गेलं कोण जाणे. खाली बघून, फक्त आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "आये, मना वास येत नाय. त्या तापापासून."

आईंच्या हातातला कोयता पाटावर टेकला.

"म्हनून येत नव्हतास?"

सरांनी मान हलवली.

"आनि मी मेली समजत व्हते," आई म्हणाल्या, "वास येतो म्हनून येत नाय."

त्यांनी ओल्या हाताने मुलाच्या बाहीचं बटण परत लावलं. पांढऱ्या शर्टाला खवले चिकटले. मग शेजारचा रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर थाप मारली. सर बसले. मी मोबाइल बंद करून पिशवीत टाकला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आल्या, जवळच्याच नव्या टॉवरमधल्या असाव्यात. "मावशी, पापलेट ताजं आहे ना? खरं सांगा."

"मना काय इचारतीस? मी तर इकनारी," आई म्हणाल्या. "ह्याला इचार. माजा पोरगा हाय. सगल्या बाजारात असं नाक नाय कोनाचं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात रिकामे असल्याचं दाखवलं. मग त्यांनी पापलेट उचललं, कल्ला उघडला, थेट नाकाशी नेलं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

आईंना खोकला आला. एकदाच.